मॉकिंगबर्ड वाचताना कोण कुणाला ‘अरे’ म्हणतं ते लिहून ठेवा

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी जुलै १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मेकोम हे काल्पनिक गाव, आणि काळ १९३३ ते १९३५, मंदीचा. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू लढतो. हे सगळं आपल्याला ॲटिकसची मुलगी स्काउट सांगते. गोष्ट इतकी सरळ आहे की गाइडची चार पानं वाचली की ती समजली असं वाटतं. ‘ॲटिकस: न्यायप्रिय’, ‘मॉकिंगबर्ड: निरागसतेचं प्रतीक’, ‘आशय: वर्णद्वेष’. या तिन्ही ओळी बरोबर आहेत, पण एवढ्यावर थांबलं तर कादंबरी हातातून निसटते.

पूर्वग्रह या पुस्तकात कुणी भाषण करून दाखवत नाही. कोर्टात कोण खाली बसतं आणि कोण वर गॅलरीत, कोण कुणाला काय हाक मारतं, कुणाच्या कोणत्या हाताला काय झालंय, चहाच्या वेळी बायका किती गोड आवाजात काय बोलतात, अशा जागी तो सापडतो. म्हणून अभ्यासाची सुरुवातही तिथूनच करावी. आधी बारीकसारीक नोंदी, मग पात्रं, मग प्रतीकं आणि आशय अगदी शेवटी. बडोद्याच्या मराठी वाचकाला यात एक जमेची बाजू आहे. घरात मराठी, मांडवीच्या दुकानात गुजराती, कॉलेजात इंग्रजी, असा तीन भाषांचा रोजचा राबता असल्यामुळे माणसागणिक बोलणं बदलतं हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

तयारी

कोणत्याही आवृत्तीची प्रत चालेल, फक्त नोंदी पान क्रमांकानं करू नका. आवृत्तीगणिक पानं बदलतात, आणि चारजण चार प्रती घेऊन बसले की अर्धा तास ‘कुठे आहे ते?’ यातच जातो. संदर्भ प्रकरणाच्या आकड्यानं द्या. एकूण ३१ प्रकरणं आहेत: पहिल्या भागात ११, दुसऱ्यात २०.

दोनशे पानी वही आणि चार रंग घ्या. निळा रंग हाक मारण्यासाठी आणि संबोधनांसाठी, लाल रंग हात आणि शरीर यांच्या उल्लेखांसाठी, हिरवा वस्तू, झाडं आणि पक्षी यांच्यासाठी, आणि साधी शिसपेन्सिल कोण कुठे बसलंय-उभं आहे त्यासाठी. एका प्रकरणात रंगागणिक पाचपेक्षा जास्त खुणा करायच्या नाहीत. ही मर्यादा पाळली नाही तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत सगळं पान रंगून जातं आणि पुन्हा पाहताना डोळा कुठेच ठरत नाही. सहावी खूण करावीशी वाटली तर आधीची एक खोडा. कोणती खोडायची हे ठरवताना जो विचार होतो, तोच खरा अभ्यास.

सहा आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात १ ते ७, दुसऱ्यात ८ ते ११, तिसऱ्यात १२ ते १६. चौथ्या आठवड्यात फक्त १७ ते २१, कारण हा खटला आहे आणि तो दोनदा वाचायचा आहे. पाचव्यात २२ ते २७. सहाव्यात २८ ते ३१, आणि ते संपल्यावर लगेच पुन्हा पहिलं प्रकरण. हे शेवटचं चुकवू नका, त्याचं कारण पुढे येईल.

१९६२ चा चित्रपट सहा आठवडे संपेपर्यंत पाहू नका. चित्रपट चांगलाच आहे, पण त्यात ॲटिकसची बहीण अलेक्झांड्रा हे पात्रच नाही. तिच्यासोबत सभ्य घरांतल्या गोडबोल्या पूर्वग्रहाचा सगळा धागा जातो. आधी चित्रपट पाहिलेल्यांच्या उत्तरांतून २४ वं प्रकरण हमखास गायब असतं.

गटात मोठ्यानं वाचणार असाल तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. पुस्तकात काळ्या माणसांसाठीची शिवी पुष्कळदा येते, मुलांच्या तोंडीसुद्धा. ती मोठ्यानं उच्चारू नका, तिथे क्षणभर थांबा आणि पुढे जा. पण वहीत ती कोण, कुणासमोर, कोणत्या सहजतेनं वापरतं याची निळी खूण जरूर करा. मराठीत सांगताना तिच्या जागी आपल्याकडची जातिवाचक शिवी बसवू नका. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे, आणि गटात बसलेल्या एखाद्याच्या घरातली ती जखम असू शकते.

सांगणारी एक, वयं दोन

स्काउट गोष्टीच्या सुरुवातीला सहा वर्षांचीही नाही. पण सांगणारी स्काउट मोठी झालेली बाई आहे, तिचं इंग्रजी भारदस्त आहे. वाचताना समासात ‘ल’ किंवा ‘मो’ लिहीत चला: हे लहान स्काउट पाहतेय की मोठी सांगतेय?

१५ व्या प्रकरणात तुरुंगाच्या दारापाशी रात्री माणसं जमतात. टॉमला बाहेर काढून मारायला ती आली आहेत हे लहान स्काउटला कळत नाही. तिला गर्दीत फक्त ओळखीचा चेहरा दिसतो, वर्गातल्या वॉल्टरच्या वडलांचा. मोठी स्काउट इथे काहीही समजावून सांगत नाही, ते आपण समजून घ्यायचं. ‘ल’ आणि ‘मो’ या खुणा केल्या नाहीत तर विद्यार्थी ‘स्काउट धाडसानं जमावाला सामोरी गेली’ असं लिहून बसतात. तिनं धाडस केलेलं नाही. तिला धोका कळलेलाच नाही, आणि तिची साधी चौकशी म्हणूनच कामी येते.

निळी पेन्सिल: हाक

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे, अरेतुरे आणि अहोजाहो आहे. इंग्रजीत एकच ‘यू’. त्यामुळे इंग्रजीतला मान-अपमान संबोधनातून शोधावा लागतो, आणि तो शोधण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे संवाद मराठीत लिहून पाहणं. पूर्ण भाषांतर नको. प्रत्येक संवादातली चार-पाच वाक्यं पुरेत.

पहिला संवाद १८ व्या प्रकरणातला. ॲटिकस साक्षीच्या पिंजऱ्यातल्या मेयेला ईवेलला, म्हणजे टॉमवर आरोप करणाऱ्या मुलीला, ‘मॅम’ आणि ‘मिस मेयेला’ म्हणतो. मराठीत तो ‘आपण’ म्हणेल. मेयेला चिडते, हा माणूस आपली थट्टा करतोय असं तिला वाटतं, आणि न्यायाधीशाला समजावून सांगावं लागतं की त्यांची बोलण्याची रीतच तशी आहे. एकोणीस वर्षांच्या या मुलीला आयुष्यात कुणी ‘आपण’ म्हटलेलं नाही. तिच्या घराबद्दल यापेक्षा जास्त सांगणारी ओळ पुस्तकात सापडणं कठीण. ‘तुम्ही’ लिहून हा संवाद बसतो का तेही पाहा. बसत नाही, कारण ‘तुम्ही’ला मेयेला चिडणार नाही.

दुसरा १९ व्या प्रकरणातला. सरकारी वकील गिल्मर टॉमची उलटतपासणी घेतो. टॉम पंचवीस वर्षांचा आहे, लग्न झालेला, तीन मुलांचा बाप. गिल्मर त्याला ‘बॉय’ म्हणतो. मराठीत ते ‘काय रे पोरा’ असंच होईल. टॉम प्रत्येक उत्तराला ‘साहेब’ जोडतो. डिल हा लहान मुलगा हे ऐकून रडायला लागतो, आणि त्याला रडवतो तो नेमका बोलण्याचा हा सूर. स्काउट त्याची समजूत काढताना जे म्हणते ते नीट वाचा: टॉम काळाच तर आहे, असा तिचा सूर असतो. आपली लाडकी निवेदिका, ॲटिकसची मुलगी, इथे पूर्वग्रह बोलून दाखवते आणि तिला ते जाणवतही नाही. या ओळीला निळी खूण केली नाही असं करू नका.

तिसरी जागा १२ व्या प्रकरणाच्या आरंभी आहे आणि ती सहज सुटते. घरी स्वयंपाक करणारी कॅल्पर्निया, जिनं स्काउटचा थोरला भाऊ जेम याला लहानाचं मोठं केलं, ती त्याला ‘मिस्टर जेम’ म्हणायला लागते. कारण काय, तर तो आता बारा वर्षांचा झाला. मुलं मात्र तिला ‘कॅल’च म्हणतात. आपल्याकडे हे लिहिताना हात आपोआप ‘कॅलमावशी’ लिहून जातो. जरा थांबा. घरकाम करणाऱ्या बाईला मावशी म्हणायचं आणि तिची कपबशी वेगळी ठेवायची, हे आपल्या घरांतून पुष्कळ चाललेलं आहे. नात्याच्या शब्दाखाली उतरंड झाकली जाते. मूळ पुस्तकात ती उघडी आहे, ती तशीच ठेवा.

त्याच प्रकरणात कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे ती वेगळ्या बोलीत बोलते आणि मुलं चकित होतात. तिचं म्हणणं असं की आपल्यापेक्षा जास्त कुणाला येतं हे लोकांना आवडत नाही, मग तिथे जाऊन वेगळं बोलायचं कशाला. बडोद्यात तीन भाषांतून दिवस काढणाऱ्यानं या ओळीवर स्वतःचं अर्धं पान लिहावं.

चौथी नोंद तुरुंगाच्या दाराची. स्काउट जमावातल्या एका माणसाला नावानं हाक मारते आणि त्याच्या मुलाची विचारपूस करते. मराठीत ती म्हणेल, ‘अहो, तुम्ही वॉल्टरचे बाबा ना?’ या एका हाकेनं जमाव मोडतो, कारण जमावाला नाव नसतं आणि बापाला असतं. शेवटची नोंद ३० आणि ३१ या प्रकरणांची: घराबाहेर न पडणारा शेजारी, जन्मभर ‘बू’ असलेला माणूस, ‘मिस्टर आर्थर’ होतो. या पाच नोंदी एका पानावर एकाखाली एक लिहा. पात्रांचा निम्मा अभ्यास तिथेच झालेला असेल.

पात्रं: तीन रकाने

स्वभावविशेषांची यादी करू नका. प्रत्येक पात्रासाठी तीन रकाने आखा: लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, ते स्वतः काय करतं, आणि ते करताना कोण पाहतंय.

बू रॅडलीपासून सुरू करा, म्हणजे रीत हातात बसते. पहिला रकाना पहिल्याच प्रकरणात भरतो: साडेसहा फूट उंच, कच्च्या खारी आणि मांजरं खाणारा, रक्तानं हात माखलेला. हे सगळं जेमचं वर्णन आणि गावची अफवा. दुसरा रकाना हळूहळू भरतो: ओकच्या ढोलीत ठेवलेल्या वस्तू, कुंपणात अडकून फाटलेली आणि नंतर शिवून घडी घातलेली जेमची पँट (७), आगीच्या रात्री स्काउटच्या खांद्यावर टाकलेलं ब्लँकेट (८), आणि शेवटी वाचवलेला मुलांचा जीव. २९ व्या प्रकरणात तो प्रत्यक्ष दिसतो तेव्हा त्याचे हात ऊन न पाहिलेले, पांढरेफटक आहेत. पहिल्या प्रकरणातल्या रक्ताच्या हातांशेजारी हे हात लिहा. पूर्वग्रह कसा तयार होतो आणि कशानं गळतो, याचा पूर्ण आलेख या दोन नोंदींत मिळतो.

टॉम रॉबिन्सनचे रकाने भरताना अडाल, आणि अडलंच पाहिजे. तो बोलतो ते जवळजवळ एकाच प्रकरणात, तेही शपथेवर. त्याचा मृत्यू दुसऱ्याच्या तोंडून कळतो (२४). सतरा गोळ्या. त्याच्या घरात आपण कधी बसत नाही. ही जागा ‘सोज्ज्वळ, सहनशील’ अशा विशेषणांनी भरू नका, रिकामीच ठेवा आणि ‘रिकामी का?’ असं शेजारी लिहा. गोऱ्या मुलीच्या नजरेतून सांगितल्यामुळे काळ्या माणसांचं आतलं जग या पुस्तकात फार कमी येतं, ही या कादंबरीवरची गंभीर टीका आहे. ती स्वतःच्या वहीतल्या रिकाम्या रकान्यातून दिसली की पटते.

ॲटिकसबाबत होणारी चूक याच्या उलट. त्याचा देव केला जातो. तिसऱ्या प्रकरणात तो मुलीला सांगतो की दुसऱ्याच्या कातडीत शिरून पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि सगळे निबंध तिथेच संपतात. तुम्ही २३ व्या प्रकरणापर्यंत जा. मेयेलाचा बाप बॉब ईवेल त्याच्या तोंडावर थुंकतो. ॲटिकस जेमला म्हणतो, जरा ईवेलच्या जागी उभा राहून बघ, त्याचा राग आता निवला असेल. हा अंदाज साफ चुकतो आणि मुलांच्या जिवावर बेततो. १५ व्या प्रकरणात कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटनाही तो जुनी, संपलेली गोष्ट म्हणून बाजूला सारतो. सहानुभूती हे पुस्तकातलं मोठं मूल्य आहेच, पण तिची मर्यादाही लेखिकेनं दाखवली आहे, आणि तीसुद्धा ॲटिकसच्याच हातून. ही नोंद असलेलं उत्तर लगेच वेगळं उठून दिसतं. २०१५ मध्ये आलेल्या ‘गो सेट अ वॉचमन’मधला ॲटिकस या उत्तरात मिसळू नका. ते लेखन आधीचं आहे आणि त्यातला माणूस वेगळा आहे.

मेयेलासाठी दोन वस्तू पुरतात. उकिरड्याशेजारच्या त्या घरात कुंपणालगत एनॅमल उडालेल्या भांड्यांतून लावलेली, जिवापाड जपलेली लाल जिरेनियमची झाडं (१७). आणि सात निकेल. भावंडांना आइस्क्रीम खायला पाठवून घर रिकामं करण्यासाठी तिनं ही सात नाणी वर्षभर साठवली, असं टॉमच्या साक्षीत येतं (१९). ती बापाचा मार खाणारी मुलगी आहे आणि तिच्या साक्षीनं एक निर्दोष माणूस मरतो. ही दोन्ही वाक्यं एकाच वाक्यात लिहा. वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिली की वाचणारा एक निवडतो आणि दुसरं विसरतो.

लाल पेन्सिल: हात

खटल्याची प्रकरणं नुसती वाचून नीट कळत नाहीत, उभं राहून करून पाहावी लागतात. चारजण आणि वीस मिनिटं एवढं लागतं. एकजण मेयेला, एकजण टॉम, एकजण बॉब ईवेल, एकजण शेरीफ टेटची साक्ष वाचणारा.

मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे. टेट आधी डावी म्हणतो आणि मग दुरुस्त करतो. समोरासमोर उभे राहा आणि हात हळूच तिच्या उजव्या गालापाशी न्या. मारणाऱ्याचा डावा हातच तिथे सहज पोचतो. ‘तिची उजवी’ आणि ‘बघणाऱ्याची उजवी’ यात पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणूनच उभं राहायचं. गळ्यावर बोटांचे वळ चहूबाजूंनी आहेत, म्हणजे दोन्ही हात लागलेत. आता टॉम झालेल्यानं डावा हात खिशात घालावा. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडला, आणि तो उजव्यापेक्षा फूटभर आखूड आहे. सरकी वेगळी करणारं जिन म्हणजे काय हे गुजरातेत सांगावं लागत नाही. शपथ घेताना तो हात बायबलवरून घसरून पडतो. बॉब ईवेल पाकिटावर सही करतो ती डाव्या हातानं.

हे सगळं करून झाल्यावर स्वच्छ कळतं की पुरावा कुठेही कमी पडलेला नव्हता. तरीही पंच दोषी ठरवतात. या गावात गोऱ्या माणसाचा शब्द पुराव्यापेक्षा जड आहे, एवढंच त्याचं कारण. गिल्मरला टॉमची कोणती गोष्ट सर्वांत खटकते तेही इथेच लिहा: मेयेलाची कीव आली, असं टॉम म्हणाला. काळ्या माणसानं गोऱ्या बाईची कीव करावी, हाच त्या कोर्टात अपराध ठरतो.

आता सहाव्या आठवड्यातल्या त्या फेरवाचनाचं कारण. पुस्तकाचं पहिलं वाक्य जेमच्या मोडलेल्या हाताबद्दल आहे, आणि तो डावा हात उजव्यापेक्षा थोडा आखूड राहिला असं लगेच पुढे येतं. पहिल्या वाचनात ही माहिती नुसती माहिती असते. १९ व्या प्रकरणानंतर पुन्हा वाचली की टॉमचा हात समोर येतो. ज्या माणसानं टॉमवर खोटं बालंट आणलं त्यानंच जेमचा हात मोडला. लेखिकेनं याबद्दल एक शब्दही सांगितलेला नाही.

हिरवी पेन्सिल: प्रतीक केव्हा म्हणायचं

नियम सोपा ठेवा: एखादी गोष्ट तीन ठिकाणी आली आणि प्रत्येक वेळी तिच्याभोवती काही बदललं, तरच तिला प्रतीक म्हणा. एकदाच आली तर ती तपशील म्हणून लिहा. या नियमानं पडदे, दिवे, पावसाळी ढग यांना उगाच अर्थ चिकटवणं थांबतं.

मॉकिंगबर्ड या कसोटीवर सहज उतरतो. दहाव्या प्रकरणात ॲटिकस त्याला मारणं पाप म्हणतो आणि शेजारच्या मिस मॉडी कारण सांगतात: तो कुणाच्या बागेची नासाडी करत नाही, फक्त गातो. त्याच प्रकरणात पिसाळलेला कुत्रा रस्त्यावर येतो तेव्हा मॉकिंगबर्ड गप्प आहेत. २१ व्या प्रकरणात निकालाची वाट पाहताना स्काउटला तीच फेब्रुवारीची सकाळ आठवते, पक्षी पुन्हा गप्प, आणि वडील बंदूक रोखतायत पण ती रिकामी आहे असं तिला वाटतं. २५ व्यात गावचा संपादक अंडरवुड टॉमच्या मृत्यूची तुलना गाणाऱ्या पक्ष्यांच्या हत्येशी करतो. २८ व्यात अंधारात रॅडलींच्या झाडावर एक मॉकिंगबर्ड एकटाच गात असतो. ३० व्यात स्काउट ही उपमा बूला लावते. या सहा नोंदींपैकी पहिली आणि शेवटचीच सगळ्यांच्या उत्तरांत असते. २१ व्या प्रकरणातली सर्वांत मोलाची, कारण तिथे पक्षी आणि कुत्रा ही दोन प्रतीकं एकत्र येतात: जो नेमबाज एका गोळीत पिसाळलेला कुत्रा पाडतो, त्याच्याकडे पिसाळलेल्या गावासाठी गोळी नाही.

हा पक्षी भारतात नाही. मनात आवाज यावा म्हणून आपला दयाळ आठवा. उन्हाळ्याच्या तोंडाला कामाटीबागेत पहाटे गातो आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या लकबीही उचलतो. पण लिहिताना ‘मॉकिंगबर्ड’च लिहा. ‘दयाळ’ म्हटलं की कानाला दया ऐकू येते, आणि या पुस्तकात दया करणं टॉमला किती महाग पडलं ते आत्ताच पाहिलं.

ढोलीची नोंद वस्तूंच्या क्रमानं करा: च्युइंगगम, नाणी, दोऱ्याचा गुंडा, साबणात कोरलेल्या दोन बाहुल्या, पदक, घड्याळ. मग बूचा भाऊ नेथन रॅडली ती ढोली सिमेंटनं बुजवतो (७). बर्फाच्या माणसाची जागा बडोद्यात कळायला थोडी अवघड, म्हणून सांगतो: बर्फ पुरेसा नसल्यामुळे जेम आधी मातीचा माणूस करतो आणि वरून पांढरा थर देतो (८). हे एकदाच येतं, तेव्हा आपल्या नियमानं तो तपशील. सुंदर तपशील, पण त्यावर पूर्ण उत्तर उभारू नका. शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ड्यूबोस यांची कॅमेलियाची फुलझाडं मात्र ११ व्या प्रकरणातच तीन वेळा रूप बदलतात: जेम झुडपं तोडतो, ती पुन्हा फुलतात, आणि त्यांच्या मृत्यूनंतर डबीतून एक पांढरं फूल येतं. मॉर्फिनचं व्यसन जिद्दीनं सोडून मेलेली ही बाई पक्की वंशद्वेष्टी होती. धैर्य आणि द्वेष एकाच माणसात, हे तिथे सोडवत बसू नका, तसंच लिहा.

आशय: शब्द नको, वाक्य हवं

‘वर्णद्वेष’ हा विषय झाला. आशय पूर्ण वाक्यात लिहावा लागतो, आणि त्याला विरोध करणारा एक प्रसंग पुस्तकातूनच शोधावा लागतो. उदाहरणार्थ: ‘मेकोममधली चांगली माणसं दूरचा अन्याय ओळखतात, दारातला ओळखत नाहीत.’ बाजूनं पुरावा: २६ व्या प्रकरणातल्या मिस गेट्स हिटलरनं ज्यूंवर केलेल्या छळाबद्दल वर्गात तळमळीनं बोलतात, आणि कोर्टातून बाहेर पडताना काळ्यांबद्दल त्या काय बोलल्या ते स्काउटनं ऐकलेलं असतं. २४ व्यात मिशनरी मंडळाच्या बायका आफ्रिकेतल्या लोकांसाठी हळहळतात आणि स्वयंपाकघरातल्या बाईचा पडलेला चेहरा त्यांना खटकतो. विरुद्ध पुरावा: न्यायाधीश टेलर मुद्दाम ॲटिकसची नेमणूक करतात (२२), आणि पंच काही मिनिटांऐवजी काही तास घेतात (२३). विरुद्ध प्रसंग सापडला की वाक्यात ‘बहुतेक’, ‘पण’, ‘तरी’ असे शब्द शिरतात आणि ते खरं होतं.

पार्श्वभूमीसाठी एवढं पुरे: १९३१ मध्ये अलाबामातच नऊ काळ्या मुलांवर असाच आरोप ठेवून गोऱ्या पंचांपुढे घाईनं खटले चालले, ते स्कॉट्सबरो प्रकरण. यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, प्रश्न कादंबरीवर असतो.

बडोद्याशी जोडताना

‘वर्ण म्हणजे आपली जात’ असं एका फटक्यात लिहिणं टाळा. तुलना यंत्रणेची करा. त्यासाठी या शहराजवळ स्वतःचा दस्तऐवज आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. दिवसाला दीड रुपया देऊन ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांकडे विचारणा केली. एकजण म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर नोकर निघून जातील. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाटीबागेत काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे त्यांनी स्वतः लिहिलंय.

हे पान आणि कादंबरीचं २४ वं प्रकरण शेजारी ठेवून वाचा आणि एकच प्रश्न घ्या: नकार देणारा माणूस नकाराचं कारण कुणाच्या अंगावर ढकलतो? मित्र नोकरांचं नाव सांगतो, मेकोमच्या बायका गावच्या रीतीचं. साम्य एवढ्यापुरतंच लिहा. फरकही लिहा: इथे ज्याच्यावर बेतलं तो स्वतः बोलतोय, तिथे टॉमसाठी दुसरं कुणी बोलतंय. टॉमच्या रिकाम्या रकान्याशेजारी ही नोंद करा.

उत्तर लिहिताना

सहाशे शब्दांच्या उत्तरात कथानक पन्नास शब्दांत संपवा. मग आशयाचं एक वाक्य, त्याच्या बाजूचे दोन प्रसंग, विरोधातला एक. प्रत्येक प्रसंगात एक वस्तू किंवा एक हाक असलीच पाहिजे. ती नसली तर ते गाइडचं उत्तर समजा.

गटाची शेवटची बैठक ३१ व्या प्रकरणासाठी राखून ठेवा. बू स्काउटला घरी सोडायला सांगतो. ती त्याला हात वाकवायला लावते आणि त्यात आपला हात घालते, म्हणजे खिडकीतून कुणी पाहिलं तर तोच तिला घेऊन चाललाय असं दिसावं. मग ती त्याच्या ओसरीवर उभी राहून गल्लीकडे पाहते. पुस्तकं मिटा. प्रत्येकानं दहा मिनिटांत लिहावं की त्या ओसरीवरून काय काय दिसतं: कोणतं घर, कोणतं झाड, कोणते प्रसंग, कोणत्या ऋतूत. मग पुस्तक उघडून ताडून पाहा. राहिलेल्या जागा ज्या प्रकरणांत आहेत, ती प्रकरणं पुन्हा वाचायला घ्या.